वाईट ओळ आधी दाखवावी

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी सहा महिने एखाद्या कंपनीत काम करायची मुभा असते. मी ते पुण्यात केलं. घरी एवढंच सांगितलं होतं, की गेम बनवणाऱ्या कंपनीत लागले आहे. ते पूर्ण खरं नव्हतं. आम्ही गेम बनवत नव्हतो. दुसऱ्या देशात, दुसऱ्या कुणीतरी बनवलेला गेम एका विशिष्ट कन्सोलवर चालेल असा करून देणं, हे आमचं काम. याला पोर्ट म्हणतात. घरी हे नीट समजावून सांगायला मला बरेच दिवस शब्द सापडले नाहीत आणि सापडले तोवर सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. म्हणून लिहून पाहते आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून फक्त गेम खेळायचं यंत्र. आमच्या गावी, दुसरबीडला, मी ते कुणाच्याही घरात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे गेम म्हणजे मोबाईल, आणि तोही भावाच्या हातातून सुटला तर. कंपनीत पहिल्या दिवशी माझ्या हातात कंट्रोलर दिला तेव्हा मी तो उलटा धरला. सगळे हसले. वाईट मनाने हसले नसावेत.

आमच्या टीमच्या मुख्य माणसाला सगळे नावाने, अरे-तुरे करून हाक मारत. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी सर म्हणायची. त्यांनी एकदोनदा सांगून पाहिलं, की सर म्हणू नकोस, म्हातारा झाल्यासारखं वाटतं. मग सोडून दिलं. मी तशी कमीच बोलायची, कारण घाईत बोलले की घरचं तोंडात येतं. एकदा गेम मध्येच थांबला तेव्हा मी म्हटलं, "सर, हे अटकून राह्यलं." त्यानंतर टीममध्ये ती पद्धतच पडली. कुठे काही अडलं, की कुणीतरी ओरडायचं, "अटकून राह्यलं बे." बे मी म्हटलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या पदरचं जोडलं होतं.

माझं काम टेस्टिंगचं. म्हणजे दिवसभर तो गेम खेळायचा आणि कुठे बिघडतो ते लिहायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे. पण एकाच भिंतीला वेगवेगळ्या कोनांतून धडकून माणूस आरपार जातो का, हे आठवडाभर पाहिलं की मजा संपते. तरी मला ते आवडायला लागलं होतं. माझे हात त्या यंत्रावर बसले. गेमच्या कुठल्या गल्लीत यंत्राला दम लागतो, ते मला आधी कळायचं, पडद्यावर नंतर दिसायचं.

ज्या कन्सोलसाठी आम्ही काम करत होतो, त्याची कंपनी स्वतःही गेम बनवते आणि फार चांगले बनवते. बाहेरच्या पब्लिशरांची, म्हणजे पैसा लावून गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची, सगळी अडचण इथूनच सुरू होते, हे मला जेवणाच्या सुट्टीत सर बोलायचे त्यातून हळूहळू कळलं. लोक ते यंत्र विकत घेतात तेच मुळी त्या कंपनीच्या गेमसाठी. घरातल्या पोराला वाढदिवसाला एक गेम मिळणार असेल, तर तो कुठला असणार हे ठरलेलं. बाहेरचा गेम दुकानात त्याच्याच शेजारी, तेवढ्याच किमतीला उभा असतो. शिवाय यंत्र कसं बनणार हे त्या कंपनीच्या घरच्या माणसांना आधीपासून ठाऊक. त्यांनी ते स्वतःच्या गेमच्या मापाने शिवलेलं. बाहेरच्यांना ते नंतर हातात मिळतं, आणि त्यांचे गेम तर दुसऱ्या, जास्त ताकदीच्या यंत्रांसाठी जन्मलेले. ते कापून, मुडपून यात बसवावे लागतात. त्यात वर्ष जातं. तोवर ज्याला तो गेम हवा होता, त्याने तो दुसऱ्या यंत्रावर खेळून टाकलेला असतो.

मग गेम विकला जात नाही. पब्लिशर म्हणतो, या यंत्राचे लोक आमचं काही घेतच नाहीत. पुढच्या वेळी तो कमी माणसं लावतो. लोक म्हणतात, आमच्या वाट्याला नेहमी उष्टं येतं. दोघंही खरं बोलत असतात. मला तेच सहन व्हायचं नाही. एक जण खोटारडा असता तर बरं झालं असतं.

सर एकदा डबा खाता खाता म्हणाले होते, "चूल पेटवायची नाही आणि भाकरी कच्ची म्हणून रागवायचं, असं चाललंय." मी हसले. तेव्हा मला वाटत होतं, आपली भाकरी कच्ची राहणार नाही.

कारण आमचा गेम खरंच चांगला बसत होता. पहिले दोन भाग गुळगुळीत चालायचे. डोंगरातला रस्ता, नदी, पाऊस, सगळं. फक्त तिसऱ्या भागात एक शहर होतं आणि त्या शहरात एक बाजार. दुकानं, वर ताणलेली कापडं, कोंबड्या, ओझी वाहणारी माणसं. त्या बाजारात शिरलं की यंत्राला धाप लागायची. चित्र झटके देत पुढे जायचं. मी लिहून द्यायची, मग प्रोग्रामर काहीतरी कमी करायचा. आधी सावल्या हलक्या केल्या. मग माणसं कमी केली. मग कोंबड्या गेल्या. शेवटी बाजारात माणसांपेक्षा ओटे जास्त झाले. आमच्या जवळच्या बीबी गावचा बाजार उठल्यावर दिसतो, तसा तो दिसायला लागला. तरीही झटके पूर्ण गेले नाहीत.

अशात पब्लिशरने आमचे दोन प्रोग्रामर दुसऱ्या यंत्राच्या कामावर ओढून घेतले. उरलेला एक जण म्हणाला, बाजाराला अजून दीड-दोन महिने द्या, मी तो नीट करतो. कुणी दिले नाहीत.

सरांनी त्याच सुमारास मला बाजूला घेऊन सांगितलं. "हे व्हर्जन बाहेर पडलं तर तुला मी सोडत नाही. तुझी जागा पक्की. नाही पडलं, तर माझ्या हातात काही नाही."

त्या दिवसापासून मला त्या बाजाराची स्वप्नं पडायला लागली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मी नोकरीला लागले तर माझ्या मागच्या दोघा भावंडांचा रस्ता सोपा होणार होता. लागले नाही तर गावात म्हणायला लोक मोकळेच होते, की एवढी शिकून काय केलं. हे कुणी मला बोलून दाखवलं नव्हतं. पण मला ते ऐकू यायचं.

आता आमच्या घरच्या कामाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या भागात बरेच लोक शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार करतात. म्हणजे जाळीच्या मांडवात मिरची किंवा टोमॅटो लावायचा, पण खाण्यासाठी नाही, बियांसाठी. नराची झाडं वेगळी, मादीची वेगळी, दोन्हींचं बी कंपनी देते. मादीची कळी उमलायच्या आधी चिमट्याने आतले पुंकेसर काढायचे आणि मग नराचा पराग त्या फुलाला लावायचा. याला सगळे क्रॉसिंगच म्हणतात. हे बायकांचं काम. बारावीपर्यंत मीही केलं आहे. आई माझ्या दुप्पट वेगाने करायची आणि बोलत बोलत करायची.

हंगामात कंपनीचा सुपरवायझर नेट पाहायला येतो. झाडांत भेसळ आहे का, क्रॉसिंग नीट झालंय का, ते तो बघतो. आणि आमच्या घरचा नियम असा, की तो आला की त्याला चहाच्या आधी वाईट ओळीपाशी न्यायचं. आई स्वतः नेते. म्हणते, साहेब, ही वळ पाहा, इच्यात चार झाडं येगळी दिसून राह्यली. तो बघतो, ती ओळ उपटायला लावतो आणि बाकीचं नेट पास करून जातो. पण ती ओळ त्याची त्याला सापडली, तर तो सगळ्या नेटवर संशय घेतो. शेजारच्या गावात एकाचं अख्खं नेट असंच गेलं. तेव्हापासून तर हा नियम आमच्याकडे देवाच्या दिव्यासारखा पाळला जातो. चांगलं आपोआप दिसतं, वाईट आपण दाखवायचं. मला हा नियम कुणी शिकवला नाही. मी तो पाहत मोठी झाले.

पब्लिशरचा माणूस आमचं व्हर्जन बघणार होता. तो तिकडे परदेशात, आम्ही इकडे. आमचा पडदा त्याला दिसणार, आणि खेळणार मी, कारण माझा हात सगळ्यांत चांगला होता. सरांनी मला आदल्या दिवशी सांगितलं, की पहिल्या भागापासून सुरू कर, नदी दाखव, पाऊस दाखव, सावकाश जा. बाजाराचं आपण शेवटी बघू. मी हो म्हटलं.

तो माणूस बोलायला फार सभ्य होता. माझी चौकशी केली, कुठली, काय शिकते. माझं इंग्रजी तुटक आहे, तरी त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, की हा गेम या यंत्रावर तुझ्याइतका कुणीच खेळलेला नाही, तर तूच सांग, कुठून सुरुवात करू या?

सरांनी काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. विसरले असं मी म्हणणार नाही. पण त्याने मला विचारलं होतं. आणि चौकशी करणारा, आपलं काम तपासायला आलेला माणूस समोर असला की काय करायचं, हे माझ्या अंगात फार आधीपासून बसलं आहे. मी त्याला थेट बाजारात नेलं. म्हटलं, इथे अजून अडचण आहे, ही आधी पाहून घ्या, बाकी सगळं चांगलं आहे.

चित्राला झटके बसत होते. मी त्या ओस बाजारातून एक पूर्ण फेरी मारली. फेरी संपल्यावर मी विचारलं, आता पहिला भाग दाखवू का? तो म्हणाला, गरज नाही, धन्यवाद, इतकं प्रामाणिकपणे दाखवलं याचं कौतुक वाटतं. आणि त्याचा पडदा काळा झाला.

मला खरंच वाटलं, की चांगलं झालं. त्याने कौतुक शब्द वापरला होता.

सरांनी दार लावून घेतलं. "तुला तिथे जायला कुणी सांगितलं होतं?"

"ते कधीतरी पाहणारच होते ना, सर."

"शेवटी पाहिलं असतं. बाकीचं बघून माणसाचं मन तयार झालेलं असतं. आता त्याने फक्त बाजार पाहिलाय. त्याच्यासाठी अख्खा गेम म्हणजे तो बाजार."

मी म्हटलं, लपवल्यासारखं झालं असतं.

"खोटं बोल असं म्हटलं होतं का मी? पहिल्यापासून सुरू कर, एवढंच सांगितलं होतं. तुमच्याकडे सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही का?"

तुमच्याकडे. त्या एका शब्दावर मी बराच काळ अडले. बाकीचं रागावणं मला चाललं असतं.

चार-पाच दिवसांनी मेल आला. या कन्सोलसाठीचं व्हर्जन रद्द. कारण दिलं होतं, की तिसऱ्या भागातली कामगिरी अपेक्षेइतकी नाही आणि टेस्टिंग टीमनेही ते मान्य केलं आहे. टेस्टिंग टीम म्हणजे मी. टीममध्ये दुसरं कुणी नव्हतंच.

मी घरी फोन केला. जे झालं ते सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग त्यानं बाकीच्या वळी पाह्यल्याच नाही?"

"नाही."

"काऊन?"

गरज नाही म्हणाला, एवढंच मी सांगितलं. ती म्हणाली, असा कसा साहेब वं तो. मग मागून कुणीतरी हाक मारली म्हणून ती गेली. माझं जे व्हायचं ते झालं होतं, आणि तिच्या बाजूला अजून संध्याकाळचा स्वयंपाक बाकी होता.

कंपनीतले उरलेले दिवस मी खुर्चीवर बसून काढले. गेम काढून घेतला होता. यंत्र कपाटात कुलूपबंद होतं, कारण ती खास यंत्रं कन्सोलवाली कंपनी मोजून देते आणि काम संपलं की परत मागते. "अटकून राह्यलं" आता कुणी म्हणत नव्हतं. माझ्याशी फारसं कुणी बोलतही नव्हतं.

शेवटच्या दिवशी सर चहाला घेऊन गेले. रागावल्याचं त्यांना वाईट वाटत असावं. म्हणाले, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, ते मनातून काढून टाक. मग त्यांनी सांगितलं ते असं, की पब्लिशरने हे व्हर्जन बंद करायचं आधीच ठरवलं होतं. त्यांचा मागचा एक गेम याच कन्सोलवर पडला होता. तोही उशिरा आलेला, कापलेला, आणि पूर्ण किमतीचा. वर आमचा गेम ज्या आठवड्यात येणार होता, त्याच आठवड्यात कन्सोलच्या कंपनीने स्वतःचा सगळ्यांत मोठा गेम आणायचं जाहीर केलं. त्याच्यासमोर कोण टिकणार? दोन प्रोग्रामर काढून घेतले, तेव्हाच ठरलं होतं. फक्त कागदावर लिहायला एक कारण हवं होतं.

"मग सर, तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

"आणि मला जागा पक्की म्हणाला होतात."

ते म्हणाले, तेव्हा मलाही वाटत होतं, की आपण इतकं चांगलं करू की त्यांना बंद करता येणार नाही.

माझ्यामुळे झालं नाही, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट जास्त लागलं. चूक माझी असती तर निदान माझ्या हातात काहीतरी होतं असं झालं असतं. मी नदी दाखवली असती, पाऊस दाखवला असता, अगदी मन लावून दाखवला असता, तरी मेल तोच आला असता. कारण जरा वेगळं लिहिलं असतं, एवढंच.

आणि आईच्या काऊनचं उत्तरही मला तेव्हा मिळालं. आमच्या सुपरवायझरला बियाणं हवं असतं. त्याच्या कंपनीला ते विकायचं असतं. म्हणून तो वाईट ओळ उपटतो आणि बाकीचं वाचवतो. इथे आमचं बियाणं कुणालाच नको होतं. कन्सोलवाल्यांना बाहेरचे गेम हवे असतात म्हणे, ते प्रत्येक कार्यक्रमात तसं सांगतात, पण त्यांच्या दुकानाच्या दर्शनी भागात कोण आहे ते दिसतंच. पब्लिशरला ते यंत्र एक त्रास वाटतो. आणि ज्याला नकोच आहे, त्याला वाईट ओळ दाखवणं म्हणजे त्याचं काम हलकं करणं. हे आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिचा नियम तिच्या नेटमध्ये चालतो. तिथे तो चालत राहो.

घरी आल्यावर गेम रद्द झाल्याची बातमी बाहेर आली. पब्लिशरने म्हटलं होतं, की या कन्सोलवर आमच्या प्रकारच्या गेमला मागणी दिसत नाही. खाली लोकांनी शिव्या घातल्या होत्या. काहींनी लिहिलं होतं, बरं झालं, नाहीतरी आळशीपणाच केला असता. आळशी. तो उरलेला एक प्रोग्रामर त्या बाजारासाठी रविवारीही येऊन बसायचा, मी त्याच्या शेजारी असायची.

कॉलेजात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, काय केलं ते दाखवा. दाखवायला काही नव्हतं. गेम माझ्याकडे नव्हता, यंत्र माझ्याकडे नव्हतं, आणि दुकानात तो कधी येणारच नव्हता. त्यांनी विचारलं, मग सहा महिने नक्की काय केलंत? मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मधेच मान हलवली आणि पुढच्याला बोलवा म्हणाले. पास झाले. त्यापलीकडे काही नाही.

मग या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. दुसऱ्या एका पब्लिशरला त्याच कन्सोलसाठी एक गेम पोर्ट करून हवा आहे, तीन महिन्यांत. पण आता कंपनीत ते यंत्र माहीत असलेलं कुणी राहिलेलं नाही. तो प्रोग्रामर केव्हाच सोडून गेला. नवीन एक मुलगी घेतली आहे, कॉलेजातलीच. मी तिला फोनवर थोडं समजावून सांगेन का?

मी विचारलं, "सर, मला जागा आहे का?"

"सध्या तरी नाही. तिलाही तेच सांगितलंय. बाहेर पडला तर बघू."

मी नाही म्हणू शकले असते. का म्हटलं नाही, ते माहीत नाही. ते सगळं माझ्याजवळ नुसतं पडून होतं आणि दुसऱ्या कुठल्या यंत्रावर त्याचा उपयोग नव्हता, म्हणून असेल.

मुलीने दुसऱ्या दिवशी फोन केला. मी बराच वेळ बोलले. गर्दीच्या जागी यंत्र कसं दमतं, पाण्याजवळ काय होतं, आधी काय कमी करायचं, काय अजिबात कमी करायचं नाही. ती प्रश्न चांगले विचारत होती. गेम कधी यायचा आहे असं मी विचारलं. तिने महिना सांगितला. त्याच महिन्यात कन्सोलच्या कंपनीचा पुढचा मोठा गेम आहे. ते सगळ्या जगाला माहीत आहे. पब्लिशरलाही असणार.

मी तिला म्हटलं, "ऐक, तू दुसरीकडेही अर्ज करून ठेव."

"का, ताई? सर म्हणाले, जागा जवळजवळ पक्की आहे."

मी तिला सगळं सांगितलं. ठरलेलं आधीच असतं, काम कितीही चांगलं झालं तरी. थोडक्यातच सांगितलं, पण माझा आवाज चढला असावा.

तिने ते ऐकून घेतलं. मग अगदी हळू, आदराने म्हणाली, "ताई, राग येऊ देऊ नका. पण तुमचं झालं नाही, म्हणून तुम्हाला असं वाटत असेल का?"

तेही थोडं खरं होतं.

मग तिनेच विचारलं, की सावल्या एकदम बंद करायच्या की हळूहळू. मी तिला ते सांगितलं.